वाईत राहायला येताय? घर, घाट आणि पाण्याचा हिशेब

नोकरीची बदली, निवृत्तीनंतरचा मुक्काम, विश्वकोशाचं किंवा संशोधनाचं काम, किंवा पुण्या-मुंबईच्या गर्दीपासून वर्षभर लांब राहायची इच्छा. वाईत घर शोधायला येणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात, पण बहुतेकांची चूक एकच होते. ते हिवाळ्यात येतात, कृष्णेकाठचा शांत घाट बघतात आणि घाटाला लागून असलेल्या आळीत तळमजल्याची खोली ठरवून मोकळे होतात. ही नदी जुलै-ऑगस्टमध्ये कशी असते, हे ते कुणाला विचारत नाहीत.

वाई गाव लहान आहे. मध्यवस्ती पायी पालथी घालायला एक सकाळ पुरते. तरीही इथे नीट राहायचं आणि गाव नीट बघायचं असेल तर काही गोष्टी क्रमाने केलेल्या बऱ्या. खालचा क्रम त्यासाठीच आहे.

१. आधी नदी समजून घ्या

कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वरला. तिथून ती खाली उतरते ती आधी बलकवडी आणि मग धोम धरणात, आणि धोमपासून आठ-नऊ किलोमीटरवर वाई. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाईत त्याच्या कितीतरी पट कमी पडतो. म्हणजे तुमच्या खिडकीबाहेर ऊन असतानाही घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊ शकतात. नवख्या माणसाला ही गोष्ट पहिल्या पावसाळ्यात उमगते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

धोम धरणाची साठवणक्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. जुलैत धरण भरत असतं, त्यामुळे बराचसा पाऊस ते पोटात घेतं. ऑगस्टपासून मात्र धरणात जागा उरत नाही. वर जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. म्हणून पावसाळ्यात दोन आकडे बघायची सवय लावून घ्या. एक, धरणाचा साठा किती टक्के आहे. दोन, नदीपात्रात विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) चालू आहे. साठा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि महाबळेश्वरला सलग दोन दिवस मुसळधार, अशी गाठ पडली की घाटाकडची गाडी हलवायची, तळमजल्यावरचं सामान उचलायचं. विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठी सूचना दिली जाते. ती ऐकू आली की पाणी बघायला घाटावर जायचं नाही.

उन्हाळ्यात उलटं होतं. पात्रातलं पाणी सिंचनाच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरावीक काळ सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, अवलंबून असतं. आवर्तन नसताना पात्र खालावतं, पाणी साचून हिरवट होतं आणि काही ठिकाणी वास येतो. नदीकाठी घर घेणार असाल तर एकदा मे महिन्यातही येऊन बघा.

२. कुठे राहायचं ते ठरवा

वाईची जुनी वस्ती आळ्यांची आहे आणि प्रत्येक आळीचा आपला घाट आहे: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. नदीपलीकडे सिद्धनाथवाडी. त्याशिवाय मुख्य रस्त्यांच्या कडेने नव्या सोसायट्या झाल्या आहेत.

निवड करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: रोज गाडी काढावी लागणार आहे का? लागणार असेल तर आळीत घर घेऊ नका. आळ्यांचे रस्ते पायी चालण्यासाठी आणि बैलगाडीसाठी झाले. चारचाकी उभी करायला जागा नसते, आणि उत्सवाच्या दिवसांत ती बाहेरही काढता येत नाही. नव्या भागात जागा, लिफ्ट, पार्किंग मिळतं, फक्त घाट आणि बाजार लांब पडतात.

रोजची गाडी लागणार नसेल तर मात्र आळीतच राहा. भाजी, दूध, किराणा, औषधं, ग्रंथालय, एसटी स्टँड सगळं चालत होतं. संध्याकाळी घाटावर बसायला वाहन लागत नाही. वाईत राहण्याचं सुख आहे ते याच्यातच.

घाटाजवळचं घर बघताना घरमालकाला आणि शेजाऱ्यांनाही वेगवेगळं विचारा की २०१९ आणि २०२१ च्या पावसात पाणी कुठवर आलं होतं. दोघांच्या उत्तरात फरक पडला तर शेजाऱ्याचं खरं धरा. भिंतीवर जुनी ओलीची रेघ, नव्या रंगाचा फक्त खालचा पट्टा, जमिनीलगतची विजेची बटणं मुद्दाम वर घेतलेली, ही पाण्याची खूण समजा. जागा पूररेषेत येते का हे नगरपरिषदेत विचारता येतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाड्याने राहणाऱ्यालाही हे माहीत असावं, विकत घेणाऱ्याला तर हवंच.

३. जुन्या वाड्यातली खोली असेल तर हे तपासा

वाड्यात राहायचं आकर्षण अनेकांना असतं आणि ते योग्यच आहे. जाड भिंतींमुळे एप्रिल-मेमध्येही आत गारवा असतो. पण भाडं ठरवण्याआधी अर्धा तास नीट बघा.

लाकूड: खांब जोत्यावर जिथे टेकतो तिथे आणि तुळई भिंतीत शिरते तिथे किल्लीने टकटक करा. पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी आहे. ती कोण काढणार आणि कधी, हे आधी ठरवा.

छप्पर: कौलं असतील तर पावसाळ्याआधी ती चाळावी लागतात. हा खर्च मालकाचा की तुमचा, हे करारात लिहून घ्या. दर वर्षी जून उजाडला की वाद होतो तो इथेच.

वीज: जुन्या कापडी वेष्टणाच्या तारा अजून काही वाड्यांत आहेत. त्यावर गिझर आणि इंडक्शन चालवू नका. अर्थिंग आहे का आणि तुमच्या भागाला स्वतंत्र मीटर आहे का, हे विचारा. एकच मीटर तीन बिऱ्हाडांत असेल तर बिलाची वाटणी लिहून घ्या.

पाणी: नळाला पाणी ठरावीक वेळी येतं. टाकी किती लिटरची, मोटार कुणाची, आणि वरच्या मजल्यावर दाबाने चढतं का, हे पाण्याच्या वेळेलाच येऊन बघा. दुपारी घर बघून गेलात तर यातलं काही कळणार नाही.

शौचालय परसात आहे की आत, हे फोनवरच विचारून घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर आणखी महत्त्वाचं. वाड्याचे जिने अरुंद आणि खडे असतात, पायऱ्यांची उंची सारखी नसते.

४. भाडेकरार नोंदणी करूनच करा

लहान गावात “कशाला कागद, विश्वास आहे ना” असं सहज म्हटलं जातं. विश्वास ठेवा आणि कागदही करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हा मुद्दा शांतपणे सांगितला की काम होतं.

मुद्रांकावर लिहून नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. ही गफलत फार होते. गॅस एजन्सी तो कागद कदाचित घेईल, पण कायद्यापुढे तो नोंदणीकृत करार ठरत नाही.

मुद्रांक शुल्क फार नाही. कराराच्या पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं महिना ८,००० रुपये, मुदत ११ महिने आणि अनामत ३०,००० रुपये आहे. भाडं ८८,००० आणि पूर्ण वर्षाचं व्याज ३,००० धरून बेरीज ९१,०००, त्याचं शुल्क सव्वादोनशेच्या थोडं वर, आणि भरताना ते शंभराच्या पटीत वरती घेतलं जातं. नोंदणी फी वेगळी. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक घरी येऊन अंगठे घेतात. त्यांची फी आणि सरकारी रक्कम वेगवेगळी लिहून मागा.

कागदपत्रं तयार ठेवा:
- दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आधार असलेले दोन साक्षीदार (वाईत ओळख नसेल तर बरोबर घेऊन या, ऐनवेळी शोधताना दिवस जातो)
- मालकाची घरपट्टीची पावती किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा
- ताजं वीजबिल, मीटरच्या वाचनाच्या फोटोसह
- आधारशी जोडलेला चालू मोबाइल नंबर

वाड्याच्या बाबतीत एक जास्तीची काळजी. अनेक वाडे भाऊबंदांच्या सामाईक मालकीचे आहेत. भाडं एक भाऊ घेतो आणि सहा महिन्यांनी दुसरा दारात उभा राहतो. उताऱ्यावर किती नावं आहेत ते बघा आणि बाकीच्यांची संमती लेखी घ्या.

करार संपल्यावर नूतनीकरण न करता तिथेच राहू नका. मुदत संपल्यानंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची असते. ती मालकाने दिली का, हे विचारून तिची पोच स्वतःजवळ ठेवा.

५. पत्ता बदलण्याची कामं

नोंदणीकृत करार हातात आला की बाकीची कामं सोपी होतात, म्हणून तो आधी. मग आधारवरचा पत्ता, त्यानंतर गॅस आणि बँक. मतदारयादीत पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा, नवीन नोंदणीचा नमुना ६ भरलात तर दोन ठिकाणी नाव राहतं. शिधापत्रिकेसाठी तहसील कार्यालय, वाहन आणि परवान्यासाठी साताऱ्याचं आरटीओ. टपालासाठी पिनकोड ४१२८०३ आणि पत्त्यात आळीचं नाव जरूर घाला. घरक्रमांकापेक्षा आळी आणि वाड्याचं नाव पोस्टमनच्या जास्त उपयोगाचं असतं.

६. येणं-जाणं

वाई महामार्गावर नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पुण्याकडून येताना सुरूर फाट्यावर वळायचं, साताऱ्याकडून येताना पाचवडला. दोन्हीकडून साधारण दहा किलोमीटर आत.

पुण्याहून स्वारगेटवरून थेट वाईची किंवा वाईमार्गे महाबळेश्वरची एसटी धरा. सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गाड्या वाईत येत नाहीत, त्या फाट्यावर उतरवतात. फाट्यावरून वडाप (माणशी भाडं घेणारी खासगी गाडी) मिळतं, पण रात्री उशिरा त्याच्या भरवशावर राहू नका. सामान जास्त असेल तर थेट गाडीसाठी तासभर थांबणं परवडतं. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. ओळखपत्र जवळ असू द्या.

रेल्वेचा विचार जवळपास सोडून द्या. वाठार आणि सातारा ही स्टेशनं पुणे-मिरज मार्गावर आहेत, पण वाईहून तिथे पोचण्यातच वेळ जातो.

स्वतःची गाडी असेल तर शनिवारी सकाळी पुण्याहून निघू नका. खंबाटकी घाटात अडकाल, आणि ते सुटलं की महाबळेश्वरला निघालेली सगळी रांग वाईतूनच पसरणी घाटाकडे जाते. जोडून सुट्ट्या आल्या की वाईकर गाडी बाहेर काढतच नाहीत. पावसाळ्यात पसरणी घाटात धुकं आणि सुटलेले दगड. पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण तिथली रोजची नोकरी असेल तर परतीची वेळ अंधाराआधीची ठेवा.

७. गाव बघायची पहिली फेरी

सकाळी साडेसहाला सुरुवात करा. पूर्वेचं ऊन नदीवर तिरपं येतं, दगडावरचं कोरीवकाम तेव्हाच उठून दिसतं, आणि दर्शनाला आलेल्या गाड्या अजून पोचलेल्या नसतात.

गणपती आळीचा घाट आधी. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती बघून लगेच परतू नका, देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीकडे जा. ती सपाट नाही. माशासारखी निमुळती होत गेलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी भिंतीवर आपटण्याऐवजी दोन्ही अंगांनी कापलं जातं. अडीचशेहून अधिक पावसाळे हे देऊळ नदीत पाय रोवून उभं आहे, ते या भिंतीच्या जोरावर. वाईत पाण्याचा विचार करून बांधणं म्हणजे काय, ते इथे एका नजरेत कळतं. शेजारचं काशी विश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. तिथला नंदी आणि दीपमाळा निवांत बघा.

रास्ते घराणं नीट समजून घेतलं की अर्धी वाई समजते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यातल्या. देवळं, घाट, वाडे यांच्यामागे हा पैसा आणि हा संबंध आहे. त्याच्या आधीची वाई आदिलशाहीची. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्याआधी अफजलखानाचा तळ इथेच होता.

मग काठाने एकेका घाटावर चालत जा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाच्या चपला घालून उतरू नका. पात्रात पोहायला शिकण्याची ही जागा नाही. धरणातून पाणी सोडलं की पातळी चढायला फार वेळ लागत नाही.

गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम इथून उभं केलं. प्राज्ञपाठशाळा आणि धर्मकोशही याच गावचे. वाचणाऱ्या माणसाने आल्याआल्या लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हावं. गावात ओळखी होण्याचा याहून चांगला रस्ता नाही. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते, त्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा.

वाड्यांबद्दल एक विनंती. बरेच वाडे राहते आहेत. दार उघडं दिसलं म्हणून चौकात शिरून फोटो काढू नका. हाक मारा, विचारा. बहुतेक वेळा आतूनच “या, बघा” म्हणतात.

८. वाईबाहेर, एकेका दिवसाच्या अंतरावर

मेणवली सुमारे तीन किलोमीटर, सायकलने जावं असं. नाना फडणविसांचा वाडा, अर्धचंद्राकार घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळातली मोठी घंटा. ही घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडून, १७३९ च्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे. चित्रीकरण चालू असेल तर घाट बंद असतो, म्हणून निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन करून विचारा.

धोमला धरणापेक्षा गावातलं देऊळ बघायला जा. कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे. कुंड पाण्याने भरलेलं असताना ही रचना खरी कळते, कोरड्या कुंडात ती अर्धीच वाटते. लोहारेजवळची पाळपेश्वराची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. बौद्ध लेणी, गर्दी नाही, बरोबर टॉर्च हवा.

गडांत सुरुवात वैराटगडाने करा, व्याजवाडीतून चढायचं. पांडवगड त्यानंतर. कमळगडाला दिवस मोडतो, वाट रानातून जाते, त्यामुळे वासोळ्यातून माहीतगार माणूस घ्या. गडावरची गेरूची विहीर बघायला खाली उतरावं लागतं, तिथल्या पायऱ्या ओल्या असतील तर वरूनच परत फिरा. तिन्ही गडांवर माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या.

९. कॅलेंडर भिंतीवर लावा

पौष ते फाल्गुन या काळात कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव आळीपाळीने प्रत्येक घाटावर होतात. मांडव पडतो, कीर्तन, गाणं, महाप्रसाद. तुमच्या आळीचा उत्सव कधी आहे ते डिसेंबरातच विचारून घ्या. वर्गणी द्या, आणि जमलं तर पंगतीत वाढायला उभे राहा. भाडेकरू म्हणून आलेला माणूस त्या दिवसानंतर आळीतला होतो. पाहुणे आणि सामानाचा ट्रक त्या आठवड्यात बोलावू नका, रस्ता मांडवाने अडलेला असतो.

पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीची यात्रा असते. २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर तिथला बंदोबस्त कडक आहे आणि त्या दिवसांत वाईतून जाणारे रस्तेही वळवले जातात. रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच खांबावर टांगून बैलांनी ओढायचा लाकडी गाडा. ते बघायचं असेल तर गाडी वाईतच ठेवा आणि पहाटे चालत निघा, पाच-सहा किलोमीटरचंच अंतर आहे. बगाड शेतांतून ओढत आणतात. बैलांच्या वाटेत किंवा चाकाच्या बाजूला उभं राहायचं नाही, बांधावर उंच जागा धरायची. संकष्टीला, आणि अंगारकी आली तर फारच, गणपती आळीत पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दिवशी भाजी आदल्या संध्याकाळीच आणा.

१०. जमीन घ्यायचा मोह झाला तर

दोन-तीन महिने राहिलं की धोमच्या पाण्याकडे बघणारा एखादा तुकडा दाखवणारा भेटतोच. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तुमच्या किंवा वारशाने आलेल्या नावाचा सातबारा नसेल तर तिथेच थांबा. “नंतर करून देतो” या शब्दांवर इसार देऊ नका. शेतकरी असलात तरी तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा) कायदा, धरणाच्या संपादनातली नोंद आणि पोहोच रस्ता हे तिन्ही सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशावर तपासा. इसार त्यानंतर. आणि तो तुकडा एकदा ऑगस्टमध्ये, धरण भरलेलं असताना, पायी जाऊन बघा. पाण्यापर्यंतचं अंतर आणि रस्त्यातला चिखल दोन्ही तेव्हाच कळतात.